रुखमामावशीची पुतळी

मी गोंदियाजवळच्या गोरेगावला एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्त, लघवी, थुंकी... त्यामुळे कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी आधी विचारते, "त्या दिवशी काय खाल्लं होतं?" या सदरातले अनुभवसुद्धा मी दुपारच्या चहाबरोबर हसायलाच वाचायची. आता ज्यांना माझ्यावर हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझी पाळी आलीच आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीला गोंदियाला जायचं होतं. जाऊच तर बाजारात कापडचोपड पण बघू, असा आम्हा मायलेकींचा दिवसभराचा बेत. सकाळी साडेआठची एसटी पकडली. कंडक्टर आला तसं आई म्हणाली, "दोन फुलचूर."

"आई, दवाखाना गोंदियात आहे."

"दवाखाना का पळून जाऊन राहिला? पयले त्याच्या घरी जाऊ."

'त्याच्या' म्हणजे कोणाच्या, हे मला विचारावं लागलं नाही. आई अकरा वर्षं एकाच माणसाचं नाव तोंडाने घेत नव्हती. दिवाकरमावसा. माझ्या रुखमामावशीचा नवरा.

मावशी लग्नानंतर चौथ्या वर्षी सासरच्या गावच्या तलावात बुडून गेली. धुणं धुताना पाय घसरला, असं मावसाने सांगितलं, तसंच कागदावर आलं आणि विषय मिटला. आईने ते कधीच मानलं नाही. आमचे आजोबा गावच्या तलावाचे पाणकर होते – कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते बघणारे. त्यांच्या दोन्ही पोरी चालायच्या आधी पोहायला शिकल्या असं गावात म्हणत. मावशी तर तलावाच्या तळाशी बुडी मारून मूठभर गाळ वर आणून दाखवायची. "तळ्यातली पोरगी गुडघाभर पाण्यात मरते?" आई एवढंच म्हणायची, आणि तिच्याशी कोणी वाद घालत नसे.

तीन वर्षांनी मावसाने दुसरं लग्न केलं, फुलचूरला घर बांधलं, हार्डवेअरचं दुकान टाकलं. आमच्याकडे एक रीत आहे. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी गळ्यात घालायची आणि पहिलीच्या माहेरच्यांनी तिला लुगडं-चोळी करून आपली लेक मानायची. मावसाचं बोलावणं आलं होतं. आईने दारातूनच परतवलं. "त्याच्या बायकोले मी लुगडं नेसवू? माहे हात झडतील." मला तेव्हा आईचं कौतुक वाटलं होतं.

बसमध्ये आईने सांगितलं ते असं, की ती दुसरी बायको, अनिता, हिने दोन दिवसांपूर्वी फोन केला होता. कुठूनतरी नंबर शोधून. "रडून राहिली होती. म्हणे, बाई, पुतळी रोज सकाळी ओली राहते. पुसली तरी ओली. आनि तलावाचा वास येते." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. कधी न पाहिलेल्या पोरीने आईला बाई म्हटलं होतं.

"घाम असेल," मी म्हणाले. "मे महिना आहे."

"असंल," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

अनिता माझ्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी. दार उघडल्यावर तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आम्हाला आत घेतलं. मावसा दुकानात होता. तिने पाणी पुढे केलं, आईने हात लावला नाही. मग अनिता खाली बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. मार तर पहिल्यापासूनच होता. पण दोन महिन्यांमागे भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने तिला मानेला धरून मोरीतल्या पाण्याच्या टाक्यात दाबलं होतं. सोडल्यावर म्हणाला, 'आता समजलं?' दुसऱ्या दिवसापासून पुतळी ओली.

आईचे ओठ पांढरे पडले होते.

अनिताने काळ्या दोऱ्यातली पुतळी काढून दिली. करंगळीच्या नखाएवढी, आणि खरंच ओली. म्हटलं, चला, हे तर आपलं खातं. माझ्या पर्समध्ये सॅम्पलच्या एक-दोन कोऱ्या डब्या कायमच असतात. मी पुतळी रुमालाने कोरडी केली, डबीत टाकली, झाकण पिळून बसवलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि डबी समोरच्या खिडकीत, कडक उन्हात ठेवली. "आता बघा," मी म्हणाले. "काही होणार नाही."

अनिताचं माहेर देवरीकडचं, आईवडील दोघेही गेलेले. ते ऐकता ऐकता मी डबीकडे बघितलं. पाव डबी पाणी होतं. हिरवट.

मी उठून डबी हातात घेतली. पट्टी जशीच्या तशी. हातातच पाणी अर्ध्यापर्यंत आलं... मी ती परत खिडकीत ठेवली आणि हात साडीला पुसले. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

मावसा जेवायला आला होता. आम्हाला बघून क्षणभर थबकला, मग हसला. "वा, बाई. आज रस्ता चुकल्या का?" खुर्चीत बसून शर्टाची बटणं सोडत त्याने अनिताला फर्मावलं, "पानी आन."

आई म्हणाली, "दिवाकर, माही बहीण कशी गेली थे या पोरीसमोर सांग."

"अकरा वर्षं तेच? पाय घसरला. किती खेपा सांगू?"

अनिताने माठातून गडवा भरून दिला. त्याने एक घोट घेतला आणि भिंतीवर थुंकला. "गाळ हाय यात. माठ धुतला नाही का व?" तो तिच्यावर हात उगारून उठला. मी मध्ये गेले. त्याच माठात पेला बुडवून त्याच्यासमोर पाणी प्यायले. थंडगार, गोड पाणी होतं. त्याने माझ्या हातातला पेला हिसकून उरलेलं पाणी तोंडात घेतलं. या वेळी तोंडातून त्याने बोटभर लांबीची शेवाळाची दोरी ओढून काढली.

मग त्याने फ्रिजमधली दुकानातून आणलेली बाटली काढली, तिचं सील माझ्यासमोर तोडलं. एक घोट... आणि बाटली खाली पडली. तो खोकायला लागला. खोकताना तोंडानाकातून पाणी यायला लागलं. प्यायला होता घोटभर, आणि येत होतं तांब्यानं ओतल्यागत. गढूळ, हिरवं, सगळ्या फरशीवर. तो गुडघ्यावर आला. गळ्याला दोन्ही हात.

आता खरं ते लिहिते. अशा वेळी काय करायचं हे मला येतं. माणसाला वाकवायचं, पाठीवर थाप द्यायची, कुशीवर करायचं. शिकले आहे मी ते. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले. वाईट वाटलं का? नाही. मावशी माझी वेणी घालायची, वेणी घालताना गुणगुणायची, ते मला आठवत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. अनितापण हलली नाही.

मधेच त्याला श्वास मिळाला. आईकडे हात करून तो म्हणाला, "भेव दाखवाले धरलो होतो तिले... फक्त भेव दाखवाले... मरन असं नोयतं वाटलं मले..."

पुन्हा पाणी आलं. त्याचे डोळे फिरायला लागले.

आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीतल्या डबीकडे बघत होती. लहान मुलीला अंगणातून हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली, "पुरे, रुखमे. मेला तं सुटन थो. जित्ता राहू दे. तहान लागू दे त्याले."

आणि ते थांबलं. नळ बंद करावा तसं. मावसा फरशीवर पडून लहान मुलासारखा रडायला लागला.

आई अनिताला म्हणाली, "कपडे घे."

"कोठी जाऊ बाई? मले माहेर नाही."

"रुखमाचं थे तुहं. आठ वर्षं उशीर झाला. मी त्याच्यावरचा राग तुह्यावर काढला, थे चूक माही हाय." आई हे बोलताना पहिल्यांदा रडली.

आम्ही तिघी ऑटोने गोंदियाला गेलो. डॉक्टरने डोळा तपासला, रडल्याबद्दल आईला रागावला. मग बाजारात साडीचं दुकान. "अम्मा, किसके लिए दिखाऊँ?" दुकानदाराने विचारलं. "बहन को देनी है," आई म्हणाली. तिथेच, गिऱ्हाईकांच्या गर्दीत, तिने अनिताच्या खांद्यावर हिरवी साडी टाकली. तीनच्या बसने परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी डबीतला थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. शेवाळ, गाळ, तलावाच्या पाण्यात असतात ते बारीक जीव. डबीला भोक असतं तर पाणी बाहेर आलं असतं, आत कसं गेलं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्याच्या पोटातून आलेल्या पाण्याचं तर मुळीच नाही. वकिलाला विचारलं, तो म्हणाला तीन बायकांच्या ऐकीव बोलण्यावर काही उभं राहत नाही. नसेल. अनिता आता आमच्याकडेच राहते, शिवणकाम करते. पुतळी तिच्या गळ्यात असते आणि त्या दिवसापासून खडखडीत कोरडी आहे.

मावसा जिवंत आहे. सांगणारे सांगतात, खंगला आहे. पाणी तोंडाला लावलं की ओकतो, फडक्याने ओठ ओले करून दिवस काढतो. डॉक्टरांना काही सापडत नाही. मागच्या महिन्यात त्याने एका नातेवाइकाकडून निरोप पाठवला, की शकुनबाईंनी, म्हणजे माझ्या आईने, रुखमाला सांगावं, आता सोड म्हणून.

आई तांदूळ निवडत होती. "सांगीन म्हना," ती म्हणाली. "पन माही बहीण लहानपणापासून हट्टी. कोणाचं आयकत नाही."

मग तिने अनिताकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि ती त्या नातेवाइकासमोर ते सावकाश, एकेक घोट घेत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.