वडिलांचं ‘ना गो बाये’

आज डिचोलीत वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचं पिकलेलं नख काढलं. बधिर करायचं इंजेक्शन कमी कसं दुखेल, हे मी वाचूनच गेलो होतो; न वाचता कुठे जायची मला सवय नाही. डॉक्टरीणबाईंनी बारीक सुई घेतली, औषध मुठीत धरून कोमट केलं, सावकाश सोडलं. नाव ठेवायला जागा नव्हती.

मग बाईंनी अंगठा टोचून विचारलं, "बाबा, दुखता?"

"ना गो बाये."

कात्री लागली तसा त्यांचा दुसरा पाय आखडला. मी थांबवलं. अंगठा बधिर झालाच नव्हता. बाईंनी पुन्हा औषध दिलं.

घरी येताना वडील माझ्यावरच चिडले, बाईंना वाईट वाटलं असेल म्हणून. "कित्याक सांगलंस? तिका वायट दिसलां आसतलां."

पुढच्या आठवड्यात दुसरं नख काढायचंय. तेव्हाही ते ‘ना’च म्हणणार. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना तुम्ही कसं बोलतं करता?