वय वर्षे अठरा ते पन्नास

कंबोडियात, नॉम पेनच्या एका हॉस्टेलात काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहून मान डोलावली. मग सासूबाईंचा पाहिला आणि तो दोन बोटांनी हळूच आमच्याकडे परत सरकवला. मागच्या भिंतीवर पाटी होती. एकावर एक खाटा लावलेल्या मोठ्या खोलीत फक्त अठरा ते पन्नास वयाच्या प्रवाशांना जागा. मी एकोणपन्नासची. सासूबाई अडुसष्टच्या.

"तुम्ही राहू शकता," ती मला इंग्रजीत म्हणाली. "त्या नाही. सॉरी."

वेगळी खोली आहे का विचारलं, तर सगळ्या भरलेल्या. इंटरनेटवर बुकिंग करताना मी वयाची ओळ वाचलीच नव्हती. मी जमेल तेवढ्या इंग्रजीत हुज्जत घातली. सायगावहून सात तास बसमधून आलोय, ही बाई माझ्यापेक्षा जास्त चालते, हवं तर वरची खाट द्या, ती चढून दाखवेल. मुलगी नम्रपणे हसत राहिली.

"काय म्हनतं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, तुमचं वय जास्त आहे."

"कशाला? झोपायला?" त्यांनी सॅक उचलली. "चल. हितं राहायचंच नाय."

आम्ही दोघी अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. सासरे गेले, त्यानंतर दोन वर्षांनी माझा नवराही गेला. मूल नाही. घरात उरलो आम्ही दोघीच. मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. कुठेतरी लांब, पाठीवर सॅक टाकून भटकायचं हे माझं जुनं वेड. एकटीने जायची हिंमत मात्र नव्हती. एका रविवारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा सहज विचारलं, येता का? त्यांनी सुपातून नजर न काढता विचारलं, "चालायचं किती?" भाडं, भाषा, खाणं, कशाबद्दलच विचारलं नाही. त्या बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या. लग्नाआधी रानातून लाकडाच्या मोळ्या डोक्यावर आणायच्या.

धाकटे दीर बदलापूरला असतात. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "वहिनी, आईला काशीला न्या. नाहीतर चांगल्या टूरबरोबर जा. दोघी बायका, त्यातून या अशा..." माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत पुढचा शब्द त्यांनी गिळला. मला तो न बोलताच कळला. त्याच संध्याकाळी आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जाऊन सॅक घेतल्या. सिंधी दुकानदाराने विचारलं, "बच्चों के लिए चाहिए?" सासूबाई म्हणाल्या, "नाय, मना," आणि माप घे म्हणून त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

व्हिएतनाममध्ये हनोईपासून खाली सायगावपर्यंत सगळं नीट पार पडलं. तोपर्यंत आम्हाला अकरा दिवस झाले होते. कधी बसमध्ये झोपलो, कधी स्टेशनच्या बाकावर. रोज भाताबरोबर काय येईल याचा भरवसा नाही. बाराव्या दिवशी नॉम पेनला उतरलो तेव्हा माझा डावा गुडघा सुजला होता आणि तोंडाला चव नव्हती. वरून एप्रिलची दुपार. रस्त्यावर स्कूटर अंगावर येत होत्या, फुटपाथ गाड्या लावून भरलेले. रिक्षावाले हाका मारत होते. रिक्षा आपल्याकडच्याच होत्या, हुबेहूब. सासूबाई एकीजवळ थांबल्या, टपाला हात लावला, पण बसायला तयार नाहीत.

"सकाळधरून बसूनच हाय. पाय दगड झालेत. मी चालतंय."

हॉस्टेल सोडून अर्धा तास झाला असेल. आणखी दोन ठिकाणी जागा नाही म्हणून सांगितलं. एका औषधाच्या दुकानाच्या सावलीत मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. वयाचं काही नव्हतं त्यात, की असेल. सासूबाईंना त्या दारातून परत पाठवलं, ते मला लागलं होतं. मी फोन काढून दिरांना लावला. परतीचं तिकीट लवकरचं मिळतंय का बघता का, असं मी त्यांना विचारलं.

"मी सांगितलंच होतं वहिनी," ते म्हणाले. आवाजात काळजी होती, पण समाधानही होतं. "आत्ता बघतो. आईची तब्येत बरी आहे ना? उगाच या वयात तिला..."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तुला कोन बोलला, मी परत येतंय?"

पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलणं झालं.

"हां, दमलंय. दोघी दमलोय. मंग? भाताची आवणी अर्धी टाकून कोन घरी जातं? तू तिकीट नको बघू. जेव आनि कामाला जा."

फोन बंद करून त्यांनी मला दिला. माझ्याकडे बघितलंही नाही. पट्ट्यांनी त्यांचे खांदे सोलवटले होते. त्यांनी टॉवेल काढला, पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर सॅक घेतली. दोन्ही हात मोकळे. मला म्हणाल्या, "ऊठ. तुझीपन दे."

माझी मी दिली नाही. पण उठले.

पुढे बाजार लागला. सुक्या मासळीचा वास आला तशा त्या थांबल्या. "जवळा हाय," म्हणाल्या, पहिल्यांदाच खुशीत. तिथे एक बाई डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन चालली होती. पाटीखाली चौकड्यांच्या पंच्याची चुंबळ, तशीच. तिने सासूबाईंना पाहिलं आणि ती मोठ्याने हसली. आजूबाजूच्या विक्रेत्या बायकाही हसल्या. मला राग आला. पण ती बाई पुढे आली, एका हाताने तिने सासूबाईंची ढिली झालेली चुंबळ नीट बसवली आणि काहीतरी विचारलं.

"झोपायचं हाय," सासूबाई सरळ मराठीत म्हणाल्या आणि तळहात गालाला लावला. "दोघींना."

त्या बाईने आम्हाला तीन गल्ल्या पलीकडे एका घराशी नेलं. खाली शिवणाची मशीन, वर भाड्याच्या दोन खोल्या. मालकीण सासूबाईंच्याच वयाची. तिने पासपोर्टचे फोटो काढले, पंखा लावला, पाण्याची बाटली ठेवली. सासूबाई लादीवर आडव्या झाल्या आणि लगेच घोरायला लागल्या.

मी मात्र गुडघ्याला बाम चोळत बसले आणि ठरवलं, की दोनाऐवजी चार दिवस इथे राहायचं. राहिलो. रोज पहाटे नदीकाठी चाललो, दुपारी झोपलो. एका संध्याकाळी मुद्दाम त्या हॉस्टेलसमोरच्या टपरीवर बसून उसाचा रस प्यायलो. सासूबाईंनी त्या दाराकडे पाठ केली होती. मी तोंड करून बसले होते.

परतल्यावर दीर महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलले. चाळीतल्या बायका चौकशीला आल्या. "या वयात फार त्रास झाला असेल, नाही?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"झाला ना," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठल्या.