पेन्सिलीने नंबर उठवणारे ढोमणेकाका

जुनी अमेरिकन गाडी दिसली की लोक तिच्याभोवती फिरतात. आमचे शेजारी ढोमणेकाका थेट तिच्याखाली शिरायचे. चेसिसवर कोरलेला नंबर चिंधीने पुसायचा, त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासून तो उठवायचा. तोवर मालकाशी चकार शब्द नाही. म्हणायचे, "मालक हजार गोष्टी सांगते बाप्पा. लोखंड एकच सांगते."

त्या नंबराची गाडी कारखान्यातून कुठल्या रंगाची, किती दारांची निघाली, ही मूळ नोंद अमेरिकेहून मागवायची. इंग्रजी पत्रं मी लिहायचो. काकांच्या मते बँकेतल्या माणसाला दुसरं काही येतच नाही. नोंद जुळली की गाडी मूळची असल्याच्या दाखल्यावर काका सही करत. आमच्या जबलपूरच्या गल्लीतली ती सही दिल्लीतही चालायची.

बरगीकडच्या एका ठेकेदाराने लाल, दोन दारांची, उघड्या टपाची गाडी दिल्लीला विकायला काढली. नोंद आली ती निळ्या, चार दारांच्या गाडीची. काका पुन्हा खाली शिरले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. दुसऱ्या गाडीचा नंबर कापून इथे जोडलेला होता. ठेकेदार हसला. "कक्का, लिख दो असली है. बुढ़ापे में काहे की ज़िद?"

तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी जीप उभी राहू लागली. त्यातून कोणी उतरत नसे.

"काहून अडून राहिले? करून टाका ना सही," काकू रडकुंडीला आल्या.

"मले भेव लागून राहिलं, हे खरं आहे," काका म्हणाले. "पण भेवानं निळी गाडी लाल होते का?"

त्यांनी 'गाडी मूळची नाही' असं लिहून दिलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

थोड्याच दिवसांत तिलवाऱ्याच्या पुलाजवळ ट्रकने त्यांच्या स्कूटरला उडवलं. काका जागीच गेले. ट्रक सापडला नाही. पोलिसांनी अपघात लिहिला. मीही अपघातच म्हणतो, कारण याहून जास्त मला ठाऊक नाही.

तेराव्याला ठेकेदार आला, हात जोडून. माझ्याजवळ बसत हळूच म्हणाला, "भैयाजी, अमेरिका की चिट्ठी आपके पास ही आती है ना? एक नई बनवा लीजिए. लाल वाली."

पाणी घेऊन आलेल्या काकूंनी ते ऐकलं. पेला त्याच्या हातात देऊन त्या मला म्हणाल्या, "त्याले नाही म्हणून सांग."

मी सांगितलं. आवाज चिरकला, पण सांगितलं.

ठेकेदाराने सावकाश पाणी संपवलं. मग विचारलं, "बैंक किस रास्ते से जाते हैं आप?"

काय सुचलं कोण जाणे, मी खरा रस्ता सांगितला.