गोगलगायीच्या दोनशे बारा दुरुस्त्या

रोज देवासमोर डोळे मिटले की भावजी आडवे येतात. तेव्हा त्यांच्याबद्दल एकदाचं लिहूनच टाकते.

धाकटे भावजी म्हणजे ह्यांचे पाठचे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. बूट घालायला दहा मिनिटं, जेवायला पाऊण तास. हे त्यांना लहानपणापासून ‘गोगलगाय’ म्हणतात, चारचौघांतही. भावजी नुसते खाली बघून हसतात.

मोबाइलवरचे मुलांचे गेम करणाऱ्या एका कंपनीत ते चौदा वर्षं होते. टाइल्सच्या दुकानावरचा मजला, एक लांब टेबल, आठ खुर्च्या. गेल्या वर्षी साहेबांनी त्यांना बोलावलं. ज्या विकतच्या इंजिनावर गेम बनायचे, त्याचा खर्च परवडेना. “फुकटातलं, ओपन सोर्स बघा. तुम्हीच निवडा. पण चुकलात तर ही खुर्ची माझ्या भाच्याची, आत्ताच सांगून ठेवतो.” भाचा नुकताच शिकून आला होता.

मी विचारलं, “भावजी, हे इंजिन म्हणजे काय हो?”

“आयतं स्वयंपाकघर, वहिनी. ओटा, शेगडी, नळ सगळं तयार. आपण फक्त रांधायचं.”

“आणि ओपन म्हणजे?”

“त्याला कुलूप नाही. कुणीही यावं, वापरावं, नळ गळत असेल तर दुरुस्त करून जावं.”

दोन इंजिनं उरली. एक मोठं, नावाजलेलं; एक लहान. भावजींनी दोन्हींत एकच खेळ केला: जिन्यावरून उड्या मारत उतरणारा लाल चेंडू. तो चालवून बघायला माझा काच तडकलेला जुना फोन घेतला. “गेम खेळणाऱ्या पोरांच्या हातात आईबापांचे असलेच फोन असतात,” म्हणाले. मोठ्या इंजिनावर चेंडू चौथ्या पायरीवर अडखळायचा. फोन माझ्या गालाला लावून विचारायचे, “तापला का?” तापलेला असायचा. लहान इंजिनावर चेंडू तळापर्यंत अलगद उतरला, आणि फोन गार.

“हे कसं काय?” मी विचारलं.

ते लाजले. चार वर्षं रोज पहाटे उठून, नोकरीवर जायच्या आधी, ते त्याच लहान इंजिनात जुन्या फोनसाठी दुरुस्त्या करत होते. फुकट. तिथे नाव घेतलं होतं ‘गोगलगाय’. घरात मला एकटीला सांगितलं. “निवड झाली की साहेबांना मीच सांगेन, वहिनी. आधी नको. आकडे बघून ठरू दे.”

आता माझं पाप. गुरुवारी प्रार्थनेला साहेबांची बायको शेजारी बसते. भाच्याचं कौतुक संपेना. “आमच्या ह्यांनी त्याला हाताशी धरलंय. तुमचे दीर बिचारे वयाने थकले.” मला राहवलं नाही. म्हटलं, “थकले? अहो, तुम्ही जे इंजिन घेणार ना, त्यात आमच्या भावजींचा हात आहे! ‘गोगलगाय’ नावाने!” देवाच्या दारात बसून मी मिरवलं. वर प्रसन्न मनाने घरी आले.

पुढचं भावजींनी नाही, त्यांच्या कंपनीतल्या हिशेबनीस बाईंनी सांगितलं. साहेबांनी सगळ्यांसमोर दुरुस्त्यांची यादी भिंतीवर लावली. ओपन असल्यामुळे ती कुणालाही दिसते. गोगलगाय, गोगलगाय, गोगलगाय. दोनशे बारा.

“वा! परीक्षेला बसणारे तुम्हीच, पेपर तपासणारेही तुम्हीच?”

“साहेब, आकडे बघा. फोन हातात घेऊन बघा.”

“अरे, गोगलगायीला शिंगं फुटली!” भाचा म्हणाला. लांब टेबल हसलं. चौदा वर्षं ज्यांना त्यांनी काम शिकवलं, तेही हसले.

“पहाटे जगाची धुणी धुवायची आणि दुपारी माझ्या टेबलावर पेंगायचं! उद्यापासून घरीच पेंगा.”

भावजी डबा घेऊन उठले. बूट दाराशी होते. ते घालायला नेहमीसारखी दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं कुणी हसायचं थांबलं नाही. भाच्याने घड्याळ लावलं होतं म्हणे.

आठवड्याने साहेबांनी इंजिन जाहीर केलं. तेच, लहान. भाच्याने ‘निवडलेलं’. भावजींची परवानगी घ्यायचा प्रश्नच नव्हता. कुलूपच नाही ना.

हे म्हणाले, “गोगलगाय ती गोगलगाय. ज्याच्या पायाखाली आली त्याचं काय चुकलं?” आणि पान वाढायला सांगितलं. मी वाढलं.

गेल्या आठवड्यात भाच्याने त्या इंजिनाच्या चर्चेच्या पानावर, सगळ्या जगासमोर, प्रश्न टाकला. सोमवारी गेम बाहेर काढायचाय, जुन्या फोनवर आवाज तुटतो. ‘गोगलगाय सर, तातडीने बघाल का?’ भावजी उत्तर लिहीत बसलेले दिसले.

“भावजी, त्या मेल्यांसाठी कशाला?”

“त्यांच्यासाठी नाही. तोच बिघाड आणखी पन्नास जणांच्या फोनवर असणार.”

दोनशे तेरावी दुरुस्ती झाली. गेम सोमवारी निघाला. शेवटी नावांची पाटी येते, मी मुद्दाम थांबून वाचली. भाच्याचं नाव वरच होतं. चहावाल्याचंसुद्धा होतं.

काल संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. लॅपटॉपच्या पडद्यावर चेंडूसारखं काहीतरी निळं उडत होतं. “हे काय नवीन?” मी हौसेने विचारलं.

भावजींनी पडदा मिटला. ड्रॉवरमधून माझा जुना फोन काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातात दिला.

“काही नाही, वहिनी. उगाच गुरुवारी बोलायला विषय व्हायचा.”

फोन गार होता.