कोलशेत, खडवली आणि डिकीतले अकरा हात

या हातांनी आजवर काय काय केलंय ते आधी सांगतो. घरातलं सागवानी जेवणाचं टेबल. सोसायटीच्या टाकीचा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, नऊ वर्षांत एकदाही न गळलेला. भंगारातून उचललेल्या तीन स्कूटर, तिन्ही आज रस्त्यावर आहेत. एक लेथ, मोटर सोडून बाकी सगळा. दोन जीपांची इंजिनं, शेवटच्या वायसरपर्यंत. डिप्लोमा कुठलाच नाही. आयटीआयच्या फाटकातून मी एकदाच आत गेलेलो, तिथलं बिघडलेलं ड्रिलिंग मशीन दुरुस्त करायला.

एवढं करून एक गोष्ट राहून गेलेली. दोन सीटची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की कमेंटमध्ये फक्त किमतीच्या गप्पा सुरू होतात. जानेवारीत एका स्पेअर पार्टवाल्याने सांगितलं, कोलशेतला एका घरात अशी गाडी आहे, विकायची म्हणतायत. त्या क्षणापासून मी काही स्वस्थ बसलो नाही. जेवताना उठून वही आणली, चेसिस नंबर कुठे कुठे कोरलेला असतो ते लिहून काढलं. बायको म्हणाली, "अहो, गाडी इतकी वर्षं थांबलीय, आमटी थांबणार नाही."

शनिवार: कोलशेत

विठ्ठलवाडीला माझा भाड्याचा गाळा आहे, तिथून मोटरसायकलने निघालो. कल्याण, दुर्गाडीचा पूल, रांजणोलीहून नाशिक हायवे, माजिवडा, कापूरबावडी. सकाळी आठच्या आत कोनगाव ओलांडलं तर तासाभरात पोचता. मी पावणेनऊला निघालो आणि पावणेदोन तास धूळ खाल्ली. ज्यांना जायचंय त्यांनी माझं ऐका, माझ्यासारखं करू नका.

नानांचं घर म्हणजे त्यांच्याच जमिनीवर उभी राहिलेली सहा मजली इमारत. एके काळी या घराची मिठागरात कामं होती, आता भाडेकरू आहेत. नाना सत्तरीच्या पुढचे, तळमजल्याच्या ओट्यावर बनियनमध्ये बसलेले. काकी शेजारी सुपात जवळा निवडत होत्या.

"गाडी बगाला आलास? बस, मिस्त्री."

मिस्त्री म्हटलेलं मला आवडत नाही. पण बसलो.

गाडीचा इतिहास नानांनी दोन चहांत सांगितला. कल्याणकडच्या एका गिरणीतल्या गोऱ्या इंजिनियरने ती बोटीतून आणली. तो रविवारी नेवाळीच्या जुन्या धावपट्टीवर पळवायचा. मायदेशी परतताना त्याने ती एका कंत्राटदाराला विकली, कंत्राटदाराने पत्त्यांत घालवली. जिंकणाऱ्याने स्टेपनीच्या खाचेतून हातभट्टीच्या दारूचे रबरी फुगे वाहिले आणि पकडला गेला. मग दोन वर्षं गाडी पोलीस चौकीच्या आवारात, बॉनेटवर कोंबड्या. लिलावात नानांच्या वडिलांनी घेतली, नानांच्या लग्नासाठी.

"बापूस बोलला, सगली दुनिया बैलगाडीनं नवरी आनते, माझी सून मोटारीनं येल."

"आली पन," काकी सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "रस्त्यान तीनदा बंद पडली. माझे भावांनी ढकलत आनली."

तेव्हापासून त्या घरात जी जी सून आली ती त्या गाडीतून आली. रस्ते भरले, गाडी म्हातारी झाली, तशी ती खडवलीच्या वाडीवर नेऊन ठेवली.

नाना आठ लाख म्हणाले. मी साडेपाच. पावणेसातवर आलो. शेवटी नाना हळूच म्हणाले, "पैशांचं माझ्याकडं. पन गाडी द्यावाची का नाय, ते हिच्याकडं. याआधी चार जनांना हिनं परत धाडलंय."

काकींनी मला प्रथमच नीट बघितलं. "आधी गाडी बगून या, भाऊ. मग बोलू."

रविवार: खडवली

पुन्हा नाशिक हायवे, यावेळी पडघ्यापर्यंत, तिथून उजवीकडे खडवलीचा रस्ता. शेवटचे चार किलोमीटर खड्डे चुकवत. रविवारी भातसा नदीवर पिकनिकवाल्यांची गर्दी असते, म्हणून दहाच्या आत पोचा. रेल्वे फाटकावर वीस मिनिटं गेली. मी इंजिन बंद करून चालू करून तीनदा बघितलं, फाटक त्याने उघडत नाही.

वाडी सांभाळतात यमुनाबाई, पन्नाशीच्या, कडक आवाजाच्या. पत्र्याच्या शेडची कडी काढून ताडपत्री ओढली आणि म्हणाल्या, "घ्या, बगा तुमची नवरी."

क्रीम रंग, तडे गेलेला. दोन कार्बोरेटर, दोन्ही मूळचे. चेसिसची पाटी जागच्या जागी, तिच्यावरचा नंबर आणि कोरलेला नंबर एकच. स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मी सगळ्या बॉडीवरून फिरवलं. उजव्या मडगार्डला चिकटेना, म्हणजे तिथे पत्र्यावर दोन बोटं पुट्टी, आमच्या भाषेत लांबी, भरलेली. दारांचे पत्रे शाबूत. प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो, मग वहीत नोंद, मगच हात. हा माझा नियम आहे.

पाटीवरचा रंगाचा आकडा क्रीमचा नव्हता. क्रीमखाली दुसरा रंग असणार अशी माझी खात्री होती, आणि मूळ रंग शोधायची जागा म्हणजे डिकीच्या झाकणाची आतली बाजू, जिथे ऊन लागत नाही. झाकण उचललं. आत जुन्या वार्निशचा काळपट थर, त्याखाली पिवळट डाग. बॅटरीच्या अ‍ॅसिडचे असणार असं मी ठरवलं. फोटो काढला, फडक्यावर थिनर घेतलं आणि पंजाएवढी जागा पुसली. वार्निश निघालं, पिवळं निघालं, क्रीम निघालं. खाली हिरवा! बाटलीच्या काचेसारखा गर्द, कारखान्यातून निघाला तसा. माझा अंदाज बरोबर निघाला आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

"अवो, काय केलाव हे?"

यमुनाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी दार सताड उघडलं, ऊन तिरपं आत आलं, आणि मला डाग दिसायचे थांबून हात दिसायला लागले. पाच पाच बोटांचे. दोन ओळींत दहा हात, आणि जिथे अकरावा होता तिथे माझा हिरवा चौकोन.

मग यमुनाबाईंनीच सांगितलं. त्या घरात नवरी उंबरा ओलांडायच्या आधी, अंगावरच्या हळदीत तेल कालवून डिकीच्या झाकणाला आतून हात लावायची. वरातीला माणसं काय नजर लावतील ती गाडीला लागू नये म्हणून. हळद उडू नये म्हणून नाना दुसऱ्या दिवशी वर वार्निशचा हात मारायचे. बाहेरच्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नाही, कारण बाहेरचा माणूस डिकी उघडतो कशाला?

"मी नाय सांगनार," यमुनाबाई म्हणाल्या. "तुमी पन नका बोलू. काकीला कललं तर गाडी गेली तुमच्या हातातनं."

खरं होतं ते. पडघ्याला मिसळ मागवली, ऐंशी रुपये, तर्री चांगली असावी, मला चव कळली नाही. पावाचा एक तुकडा हातात घेऊन मी फोनमधला फोटो मोठा करून बघत होतो. वरून पुन्हा वार्निशचा थर दिला असता तर कुणाला सहज कळलंही नसतं. गाडी ताब्यात आल्यावर वर्षाने कोण डिकी उघडून बघणार होतं? हिशोब अगदी बरोबर बसत होता. अर्धी मिसळ टाकून उठलो, रांजणोलीपर्यंत आलो. डावीकडे कल्याण, घर. मी सरळ ठाण्याकडे गेलो. माजिवड्याला वाटलं परत फिरावं. कापूरबावडीच्या सिग्नलवर पुन्हा वाटलं.

रविवार दुपार: पुन्हा कोलशेत

काकी ओट्यावरच होत्या. नाना आत झोपलेले. मी बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं.

त्या ओरडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "कंचा?"

"खालच्या ओळीत उजवीकडून दुसरा. डावा हात होता. करंगळी जरा बाहेर वाकलेली." मी फोटो पुढे केला. "पुसायच्या आधी काढलेला."

त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ धरला. "नाना!" अशी हाक मारली. नाना डोळे चोळत आले.

"वनिताचा हात पुसला यानं."

वनिता म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. लहानपणी करंगळी दारात सापडलेली. दहा वर्षांपूर्वी गेली, आजारपणात. नाना खाली बसले. मला लगेच दुरुस्तीच सुचली.

"काकी, मी तो हुबेहूब परत काढून देतो. फोटो आहे, माप आहे. हळद, तेल, वार्निश, सगळं तसंच. तुम्हालासुद्धा फरक कळणार नाही."

"हुबेहूब?" काकी म्हणाल्या. "हात कुनाचा असंल तो? तुजाच ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मला जमणारं काम कुणी नको म्हणत होतं आणि कारण बिनतोड होतं.

काकींनी सूप बाजूला सारलं. "चार जन येऊन गेले. सगल्यांनी बॉनेट उघडला, गाडी चालू करून दाखवा बोलले. डिकी कोनी उघडली नाय. तू उघडलीस, घान केलीस, आनि सांगाला आलास. घेऊन जा."

"काकी..."

"आयक. बाकीचं काय कराचा ते कर. पन त्या हिरव्या जागेला रंग लावाचा नाय. वनिता तिथं व्हती, ते दिसू दे."

नाना म्हणाले, "मिस्त्री, आता पानी पी. तोंड बग कसा झालाय तुजा."

बुधवार: विठ्ठलवाडी

खडवलीहून गाळ्यापर्यंत सपाट ट्रकचे सात हजार पाचशे घेतले, त्यात चढवणं-उतरवणं आलं. टायर सडलेले असतील तर ढकलायला चार माणसं आधीच सांगून ठेवा. कागदपत्रांसाठी वेगळे तीन महिने धरा आणि मूळ आरसी बुक हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नानांनी ते आपणहून दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसकट.

गाडी मी चौदा महिन्यांत उभी केली. पिस्टन रिंगा बाहेरून मागवल्या, बाकी सगळं गाळ्यात. लांबी काढून मडगार्ड पत्र्यात ठोकून घेतलं. रंग आहे तोच क्रीम ठेवला. काकींना कोलशेतच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणली, या खेपेला ढकलावी लागली नाही. डिकी त्यांनी स्वतः उघडली, आत हात घालून त्या चौकोनावर बोट फिरवलं आणि बंद केली.

तो चौकोन मला अजून टोचतो. पाच बाय सात इंच, कडा वेड्यावाकड्या, फडक्याचा ओघळ डावीकडे उतरलेला. इतकं गबाळं काम माझ्या गाळ्यात दुसरं नाही आणि ते दुरुस्त करायला मला एक दुपार पुरेल. रोज गाळा उघडला की हात शिवशिवतात. रोज मी डिकी लावून दुसऱ्या कामाला लागतो.

गेल्या महिन्यात दक्षिण मुंबईतले एक संग्राहक आले होते. जाणकार माणूस, पंधरा मिनिटं नुसते कार्बोरेटरचा आवाज ऐकत उभे होते. इतकं स्वच्छ काम मोठ्या गॅरेजात बघितलं नाही म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली. मग त्यांनी डिकी उघडली. हिरवा रंग पाहून खूश झाले. म्हणाले, हे पिवळं सगळं साफ करून अख्खी गाडी आतून-बाहेरून याच हिरव्यात द्या, पैसे आजच खात्यात टाकतो. मी नाही म्हटलं. ते सव्वीस लाख देत होते.