कीबोर्डावरचं कुंकू

नवा कॉम्प्युटर बसवायला गेलो, तर अकाउंट्समधल्या जोशी मॅडम जुना कीबोर्ड सोडेनात. दर खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू त्याच्या फटींत मुरलं होतं. आम्ही सपोर्टवाले अशा लोकांना हसतो. पण जिच्या जिवावर पोट भरतं, त्या वस्तूला वर्षातून एकदा हात जोडणारी माणसं आता उरलीत किती?

"या नव्याला मात्र कुंकू लावू नका, मॅडम," मी म्हणालो. "ही मशिनं भाड्याची आहेत. डाग पडले तर मालक परत घेत नाही."

"मग यंदा पूजा कशाची करायची?"

मी वायरी जोडत बसलो. भाड्याने आणलेल्यावर इथे कुणाचा जीव जडत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. माझी नेमणूकही अकरा महिन्यांच्या करारावरच आहे.