दुसऱ्या संघाला गोलकीपर हवी

सीडर बेंड फुटबॉल क्लबात पंधरा वर्षांखालच्या मुलींचे दोन संघ. पहिल्याला लोक ऐटीत ‘पहिला संघ’ म्हणतात आणि दुसऱ्याला म्हणतात ‘रॉक्सॅनच्या पोरी’. रॉक्सॅन स्टकमायर दिवसभर सेंट लुइसच्या दक्षिणेला एका दुकानात गिऱ्हाइकांना बाथरूमच्या फरश्या दाखवते आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभी राहते. शिट्टीची तशी गरज नाही. तिनं नुसती हाक मारली तरी पलीकडच्या मैदानावरचा रेफरी दचकतो.

वर्षानुवर्षं तिचं एकच काम, पोरी घडवायच्या आणि वर पाठवायच्या. एखादी जरा बरी खेळायला लागली की मे महिन्याच्या निवड चाचणीत पहिल्या संघाचा कोच ग्रेडी पेलरिन हसत हसत येतो आणि तिला उचलून नेतो. बदल्यात वरून गळलेल्या पोरी खाली येतात, डोळे सुजलेल्या, कुणाशी न बोलणाऱ्या. क्लबात याला पद्धत म्हणतात. मला विचाराल तर ही दिवसाढवळ्या लूट आहे, पण रॉक्सॅनसमोर तसं म्हणायची सोय नाही. “पोरी वर जायलाच असतात,” ती म्हणते आणि विषय संपवते.

गेल्या वर्षी मात्र तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. तिची गोलकीपर नदीपलीकडच्या क्लबानं पळवली आणि दुसरी मिळेना. क्लबाच्या संचालकानं गोड आवाजात सांगितलं, “रॉक्सॅन, शुक्रवारी दुपारपर्यंत गोलकीपर मिळाली नाही, तर दुसरा संघ यंदा बंद. मुलींनी आपापलं बघावं.”

“मिळेल,” रॉक्सॅन म्हणाली. कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण आपल्या पोरी वाऱ्यावर सोडायच्या नाहीत, एवढं तिनं तिथंच ठरवलं.

त्याच आठवड्यात पहिल्या संघातून त्यांची गोलकीपर टेटम रेडिक गळली होती. तिची गोष्ट पार्किंगमध्ये ताटकळणाऱ्या सगळ्या आईबापांना पाठ होती. मार्चच्या स्पर्धेसाठी ग्रेडीनं बाहेरगावाहून स्लोन नावाची एक ताडमाड पाहुणी गोलकीपर बोलावली. पाहुणी खेळाडू आली की आमच्याकडे तिला कुणीतरी घरी उतरवून घेतं. टेटमची आई कँडेस भारी हौशी, तीच पुढं झाली. “एका स्पर्धेपुरतीच आहे, टेटमला तेवढाच आराम,” असं ग्रेडी म्हणाला आणि त्या माउलीनं ते खरं मानलं. तिनं स्लोनला पाहुण्यांची खोली दिली, सकाळी गरम पॅनकेक वाढले, मैदानावर नेऊन सोडलं. स्लोन हातमोजे विसरून आली, तर टेटमनं आपले जुने तिला दिले. मे महिन्यात स्लोन कायमची आली आणि टेटमला खाली जायचा निरोप मिळाला.

गुरुवारी दुकान सुटल्यावर रॉक्सॅन तशीच रेडिकांच्या दारात गेली. कँडेस गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकर खरवडत होती. त्यावर क्लबाचं चिन्ह, टेटमचं नाव, तिचा नंबर. हातात हिवाळ्यात बर्फ खरवडायचं खुरपं.

“सांत्वनाला आली असशील तर केक कुठाय?” कँडेस मागं न बघता म्हणाली.

“सांत्वनाला नाही. गोलकीपर मागायला आलेय.”

“वा! ग्रेडीनं टाकलेलं उचलायला बरी धावत आलीस! माझ्या हातचे पॅनकेक खाल्ले गं तिनं, रॉक्सॅन. दोनदा मागून घेतले! आणि माझ्याच पोरीच्या जागेवर येऊन बसली.”

“खाल्ले तिनं, ठरवलं ग्रेडीनं. त्या पोरीवर कशाला डाफरतेस?”

“तू मला शिकवू नकोस. आम्ही दुसरा क्लब बघतोय. नाहीतर खेळच बंद.”

“खुशाल बघा. पण मला टेटमशी बोलू दे.”

टेटम गॅरेजच्या पायरीवर बसली होती. एवढ्या उकाड्यात डोक्यावर जाड टोपी ओढून. रॉक्सॅन गुडघे कुरकुरवत तिच्या शेजारी टेकली.

“हे बघ, उद्या दुपारपर्यंत गोलकीपर मिळाली नाही तर माझ्या पोरींचा संघ मोडतोय. म्हणून आलेय. तुला गोंजारायला नाही.”

“म्हणजे कुणीही चालेल.”

“कुणीही नाही चालणार. मी पलीकडच्या मैदानावरून ऐकते ना. तू पुढच्या पोरींना नावानं हाका मारतेस. बाकीच्या नुसत्या किंचाळतात.”

टेटम थोडा वेळ बुटाची नाडी ओढत राहिली. “आणि कोच ग्रेडींनी मध्येच परत बोलावलं तर?”

“तर जायचं. मी स्वतः गाडीनं सोडीन.”

“तुम्हाला वाईट नाही वाटणार?”

“वाटेल की. खूप वाटेल. तरी सोडीन.”

“तुमच्या गाडीतला रेडिओ फार भिकार आहे म्हणतात सगळ्या.”

“भिकारच आहे.”

शुक्रवारी सकाळी टेटमचा होकार आला.

तिच्या हाकांनी संघाला शिस्त लागली. रॉक्सॅनच्या पोरी, ज्यांना कुणी हिशेबात धरत नव्हतं, नोव्हेंबरात थेट लीगच्या अंतिम सामन्यात पोचल्या. आणि नेमका त्याच दिवशी सकाळी रॉक्सॅनला ग्रेडीचा फोन आला. सरावात स्लोनचं बोट मोडलं होतं, त्याला टेटम हवी होती. सामना त्यांचाही त्याच दुपारी.

“फोन लागलाच नाही म्हण,” टेटमला सोडायला आलेली कँडेस म्हणाली. “मरू दे त्याला! त्या पोरी वर्षभर राबल्यात.”

“शब्द तुला नाही, तुझ्या पोरीला दिलाय,” रॉक्सॅन म्हणाली आणि तिनं टेटमला सगळं सांगितलं.

टेटमचा चेहरा लाल झाला. मग ती खाली बघत म्हणाली, “मला जायचंय, कोच.”

 रॉक्सॅननं गाडीची किल्ली घेतली. निघताना टेटमनं आपले जादाचे हातमोजे बचावातल्या बुटक्या पिलारच्या हातात दिले. वाटेत रेडिओ खरखरत होता. टेटमला मैदानाच्या फाटकात सोडून रॉक्सॅन सुसाट परत आली, तेव्हा रेफरी सामन्याआधी मुलींचे बूट तपासत होता.

पिलारनं जिवाचं रान केलं, पण रॉक्सॅनच्या पोरी सपाटून हरल्या. रॉक्सॅन सगळ्यांदेखत रडली, नाक पुसलं आणि मंगळवारी सरावाला वेळेवर या म्हणाली.

टेटम वरच राहिली. या मे महिन्यात ग्रेडीनं तिलाच ठेवलं आणि स्लोनला खाली जायचा निरोप धाडला. रॉक्सॅन पुन्हा गोलकीपरविना, संचालकाचा तोच गोड आवाज, तोच शुक्रवार. सराव मदतनीसावर सोपवून ती स्लोनच्या घरी निघाली, तोच पार्किंगमध्ये रेडिकांची गाडी वळली. मागच्या काचेवर नवं कोरं स्टिकर होतं.

“रात्री स्लोन टेटमला फोन करून रडत होती,” कँडेस खाली उतरून पुटपुटली. “घेऊन आले. पॅनकेक घातलेत. याही वेळी दोनदा मागून घेतले.”

मागच्या सीटवर स्लोन डोक्यावर टोपी ओढून बसली होती. लांबलचक पाय तिला कुठं ठेवावेत कळत नव्हतं. रॉक्सॅन काचेपाशी वाकली. “हे बघ, मला शुक्रवारपर्यंत—”

“सांगितलंय मी,” पलीकडच्या सीटवरून टेटम म्हणाली. “वरून बोलावलं तर तुम्ही सोडायला येता, तेही सांगितलं.”

“हे सगळेच म्हणतात,” स्लोन टोपीआडून म्हणाली. “खरंच सोडलं होतं तुला?”

“फाटकापर्यंत,” टेटम म्हणाली. “आणि परत येऊन फायनल हरल्या.”

स्लोननं टोपी मागं सारून पहिल्यांदा रॉक्सॅनकडं नीट पाहिलं. मग तिनं सीटचा पट्टा सोडला.

“चल लवकर,” रॉक्सॅन म्हणाली. “पोरी खोळंबल्यात.”